सात धाब्यांची अक्का

कौतिकअक्कांच्या दारात नवा माणूस आला की पाण्याचा तांब्या हातात पडण्याआधी त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. पहिला, “कोन गावना?” आणि दुसरा, “धाबं कोनतं?” जळगावच्या कॉलनीत आम्ही घर घेतले तेव्हा त्यांचे घर आमच्या भिंतीला लागूनच होते. सामान उतरवून झाल्यावर मी पाणी मागायला गेलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पारोळ्याकडचा आहे, असे मी सांगितले. दुसरा प्रश्न मला कळलाच नाही.

“धाबं नाही आता, अक्का. वडिलांनी पाडून स्लॅब टाकला,” मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की मांडीवरचे सूप हलले. आत बघून सुनेला म्हणाल्या, “वंदना, पानी आन वं. कोरडा भाऊ उना.”

तेव्हापासून मी त्यांचा कोरडा भाऊ झालो, तो शेवटपर्यंत. कोरडा म्हणजे ज्याचे पूर्वज मांडवपेठेच्या पुरात नव्हते असा माणूस. जगातली बहुतेक माणसे त्यांच्या लेखी कोरडीच होती. त्यात कमीपणा नव्हता. पण कोरड्या माणसाला काही गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, एवढे त्या गृहीत धरत.

माझी सगळी नोकरी सूतगिरणीच्या हिशेब खात्यात झाली. ऐकलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट वेगळी ठेवायची मला सवय आहे, ती इथेही ठेवतो. तपासलेले थोडेच आहे. तापीच्या काठाला केळीच्या बागांमध्ये एक टेकाड आहे. त्याच्या आसपास नांगराला जुन्या विटा, खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे लागतात. ते मी स्वतः पाहिले आहेत. बाकी सगळे ऐकलेले. तिथे मांडवपेठ नावाचे मोठे व्यापारी गाव होते. बऱ्हाणपुराहून सुरतेकडे जाणारे बैलांचे तांडे तिथे उतरत, कापडाचा आणि निळीचा बाजार भरे, जकातीची चौकी होती. मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, वर स्वच्छ ऊन असताना तापी गावात शिरली. पाऊस दूर वरच्या अंगाला झालेला, इथे थेंब नाही. त्यामुळे कोणी सावध नव्हते. ते साल कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मीही सांगत नाही.

आपल्याकडची जुनी घरे धाब्याची. लाकडी सऱ्यांवर मातीचे सपाट छप्पर, त्याला धाबे म्हणतात. गावातली सात धाबी पाण्यातही उभी राहिली, असे सांगतात. त्या सात धाब्यांवर चढलेली माणसे वाचली. सराफाचे धाबे, रंगाऱ्याचे, तेल्याचे, कासाराचे, जकातीचे, बेलदाराचे आणि पिंजाऱ्याचे. धाबे एकाचे असले तरी वर जो चढला तो चढला. सराफाच्या धाब्यावर शेतकरी होता, शिंपी होता. रंगाऱ्याच्या धाब्यावर मुसलमान पिंजाऱ्याचे एक कुटुंब होते. पाणी उतरेपर्यंत त्यांनी मिळून खाल्ले, आणि खाली उतरताना ठरवले की आपण आता एका धाब्याचे.

गाव पुन्हा वसले नाही. माणसे एरंडोल, पारोळा, चाळीसगाव, धुळे अशी पांगली. पण धाबी राहिली. एका धाब्याची माणसे आपसांत लग्न करत नाहीत, कारण ती भाऊबहीण. आणि एखाद्याच्या घरी मयत झाली, चूल बंद असली, की त्या घरात पहिली भाकर येते ती त्याच धाब्याच्या, पण दुसऱ्या जातीच्या घरातून. ही भाकर मी डोळ्यांनी जाताना पाहिली आहे, म्हणून ती तपासलेल्यात धरायला हरकत नाही.

कोण कोणत्या धाब्याचा, हे एका बाईच्या तोंडी असते. सराफाच्या धाब्यातल्या थोरल्या घरची सून ते सासूकडून शिकते. मुलगी का नाही, असे मी विचारले होते. अक्का म्हणाल्या, “आंडेर पराया घर जास. सून ऱ्हास.” अक्का स्वतः माहेरच्या रंगाऱ्याच्या धाब्याच्या. लग्न होऊन सराफाच्या धाब्यात आल्या आणि सासूसमोर जात्यावर बसून सातही धाबी पाठ केली. घराण्यामागून घराणे, कोण कुठे गेले, कुठली शाखा बुडाली, कुठली मुंबईला गेली. लिहिलेले कुठे काही नव्हते. सुरेशभाऊंनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, एकदा हे सगळे मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतले. अक्का दोन धाबी बोलल्या आणि थांबल्या. “हाई डबडं माले हुंकार देत नही,” म्हणाल्या. समोर बसून कोणी हं हं म्हटल्याशिवाय त्यांना पुढचे आठवत नसे. तो हुंकार देण्याचे काम बरेचदा माझ्याकडे आले. मला त्यातले काही येत नव्हते, म्हणून मी मध्ये बोलत नसे. एवढीच माझी लायकी.

दिसायला त्या अगदी साध्या. ठेंगण्या, नऊवारी, कपाळावर गोंदण, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दिवसा घराचे दार लावलेले त्यांना खपत नसे, त्यावरून वंदनाताईंशी रोजची खडाजंगी. “मांजर शिरतं, अक्का!” “मांजरबी कोनी तरी शेच ना?” असे चाले. कुरियरवाला, मीटरवाला, कुकर विकणारा, सगळे आधी आत बसत, मग काम सांगत. वांग्याचे भरीत त्या लाकडी बडगीने इतके कुटत की शेजारी मला ते भिंतीतून ऐकू येई. आवाज थांबला की दहा मिनिटांत माझ्या घरी वाटी पोचे.

लोक त्यांच्याकडे मुख्यतः लग्नासाठी येत. एकदा चाळीसगावहून एक गृहस्थ आले. मुलाचे जमलेले, मुलगी एरंडोलची, दोघेही पुण्यात नोकरीला. अक्कांनी दोन्ही घराण्यांची नावे विचारली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “दोन्ही तेलीना धाबाना.”

गृहस्थ हादरले. “अक्का, नीट बघा ना जरा. हॉल बुक झाला आहे.”

“हॉल बुक कया तं कया. धाबं काय बुक व्हस का?”

“पण आता नाही कसं म्हणायचं पोरांना?”

“मी कोठे नही म्हनी ऱ्हायनू? मी काय पोलीस शे? तुम्ही ईचारं, मी सांगं. आते लगन करा, नही तं नका करू. ते तुमनं काम.”

ते लग्न झाले. अक्का स्वतः गेल्या, अक्षता टाकल्या, नवरीला लुगडे दिले आणि परत येताना गाडीत मला म्हणाल्या की पोरगी गुणाची आहे. मी विचारले, मग तुम्ही सांगितलेत त्याचा उपयोग काय झाला? त्यांना प्रश्न विचित्र वाटला. उपयोगासाठी सांगायचे नसते, जे आहे ते सांगायचे असते. लोकांनी काय करावे हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. काय आहे हे मात्र त्यांनी कधी बदलले नाही, हॉल बुक असो की नसो.

एरंडोलचे रहमानभाई पिंजारी वारले तेव्हा मी पहिल्यांदा ती भाकर पाहिली. सकाळी फोन आला. अक्कांनी ओट्यावर बसल्या बसल्या विचार केला आणि पारोळ्याच्या एका पाटलांच्या घरी फोन लावायला सांगितला. त्या घरातल्या नव्या सुनेला हे काही ठाऊक नव्हते. तिने विचारले, “आपल्या ओळखीचे आहेत का ते?” अक्का म्हणाल्या, “वळख नही. भाऊ शेतस तुमना.” दुपारी मी अक्कांना घेऊन एरंडोलला पोचलो, तर पाटलांचा मुलगा मोटारसायकलवरून आधीच आला होता. फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा घेऊन तो दारात उभा होता आणि रहमानभाईंचा थोरला मुलगा त्याच्या गळ्यात पडून रडत होता. दोघांनी एकमेकांना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

हिशेबाची माझी खोड एकदा मध्ये आली. एका जुन्या घराचे धाबे मी पावलांनी मोजून पाहिले होते. दाटीवाटीने उभी केली तरी त्यावर साठ-सत्तर माणसे मावतील, आणि एवढे वजन ते पेलेल की नाही याची शंकाच. सात धाबी धरली तर पाचशेच्या आतच. आणि गाव तर बाजाराचे, हजारोंचे.

“मग बाकीच्यांचं काय झालं, अक्का?”

त्यांचे शेंगा फोडणे चालूच राहिले. “तापी माय लई गई.”

“सगळ्यांना?”

“हिसाब नको करू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आकडा नहीत त्या. मानसं व्हतात.”

मी पुन्हा कधी तो हिशेब त्यांच्यासमोर काढला नाही.

दर हिवाळ्यात सातही धाब्यांची माणसे टेकाडावर जमतात. पूजा वगैरे नसते. केळीच्या बागेतून चालत वर जायचे, सतरंज्या टाकायच्या, जेवायचे. जेवणाआधी अक्का एकेका धाब्याचे नाव घेत. “रंगारीनं धाबं?” त्या धाब्याची जेवढी माणसे आली असतील ती उभी राहत आणि एका आवाजात म्हणत, “शे!” म्हणजे, आहे. मग ती बसत, पुढच्या धाब्याचे नाव. म्हातारे काठीवर भार देऊन उठत, लेकुरवाळ्या पोर कडेवर घेऊन उठत. चार-पाच मिनिटांत संपणारी ही गोष्ट आहे. मी तिथे कोरडा म्हणून एका बाजूला बसलेला असे.

त्या बाजूला माझ्या जोडीला आणखी एक गृहस्थ असत. धुळ्याचे आत्माराम आबा मांडवे. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, पांढरी टोपी, बोलायला मिस्कील. त्यांचे आडनावच मांडवपेठेवरून आलेले. त्यांचे आजोबा आणि वडील याच टेकाडावर येत. पण सातातले कुठलेही धाबे पुकारले तरी त्यांना उभे राहता येत नसे. त्यांचे धाबे कोणते, ते कोणालाच माहीत नव्हते.

जेवणे झाली की आबा अक्कांपाशी जात. “अक्का, यंदा तरी याद उनं का? आमनं धाबं?”

अक्का मान हलवत. “याद नही, आबा.”

“मंग पुढला वरीसले ईचारसू,” आबा हसून म्हणत आणि निघत. हे मी दरवर्षी पाहिले. आबांच्या वडिलांनीही अक्कांच्या सासूला हाच प्रश्न विचारला होता, असे आबांनीच मला सांगितले होते. उत्तरही हेच आले होते. मला एवढेच खटके, की मुंबईला गेलेल्या शाखेतल्या पोरांची नावे ज्या बाईला पाठ, तिला एक अख्खे घराणे कसे आठवत नाही. पण तो प्रश्न मी मनातच ठेवला.

मग एका उन्हाळ्यात आबांचा मुलगा प्रवीण जळगावला आला. आबांना यकृताचा आजार झाला होता आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले होते. प्रवीण शिकलेला, शाळेत शिक्षक. त्याला स्वतःला यात फार रस नव्हता, तसे त्याने सांगूनही टाकले. “पण बाबा रोज एकच विचारतात, अक्का. मेल्यावर माझ्या घरी पहिली भाकर कोण आणणार? आमच्या आजोबांच्या वेळीही कोणी आणली नाही. तुम्हाला काही आठवत असेल तर सांगा. अंदाजाने सांगितलंत तरी चालेल.”

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “याद नही, बेटा.”

प्रवीणने चहा संपवला, नमस्कार केला आणि तो गेला. अक्का जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नीट जेवल्या नाहीत. भिंतीपलीकडून येणारे सगळे आवाज थांबले. तिसऱ्या दिवशी वंदनाताई मला बोलवायला आल्या. “तुम्ही तरी बघा, भाऊ. आमच्याशी बोलत नाहीत.”

मी गेलो तेव्हा सुरेशभाऊ त्यांना समजावत होते. सुरेशभाऊंचे शेती औषधांचे दुकान, माणूस व्यवहारी आणि मनाने चांगला. “अक्का, म्हातारा मरायला टेकलाय. सांग ना सराफाचं धाबं म्हणून. आपलंच दे. भाकर मी स्वतः पोचवतो धुळ्याला. कोण तपासायला येणार आहे?”

मला ते पटले होते, हे कबूल करतो. खोटे असले तरी त्यात कोणाचे नुकसान दिसत नव्हते.

अक्का म्हणाल्या, “तेच तं. सराफनं धाबंच तं सांगता येत नही.”

आणि मग त्यांनी सांगितले. त्या हळूहळू बोलत होत्या, मध्ये थांबत होत्या, आणि त्या वेळी हुंकार द्यायचे मला सुचले नाही.

सराफाचे धाबे सगळ्यांत उंच होते. वर जायला लाकडाची एक शिडी, दुसरी वाट नाही. पाणी आले तशी माणसे चढू लागली. मग धाबे हलायला लागले, सऱ्या कुरकुरल्या. वर असलेल्यांनी शिडी ओढून घेतली. खाली मांडव्यांचे घर होते, शेजारचे. बाप, आई, तिच्या कडेवर पोर.

“त्या हाका मारी ऱ्हायनात,” अक्का म्हणाल्या. “नाव लई लई हाका मारी ऱ्हायनात. शेजारी व्हतात ना. वरना बठ्ठास्ना नाव त्यासले ठाऊक. वरना लोके दुसरीकडे तोंड करी बसनात.”

सुरेशभाऊ खाली बसले.

“तुला हे केव्हापासून माहीत आहे?” त्यांनी विचारले.

“धाबं शिकनू तव्हयपासून. मनी सासूनी माले शिकाडं. सात धाबा सांगात आनी मंग सांगं, मांडवे ईचारतीन तं याद नही म्हन. तिले तिनी सासूनी शिकाडं.”

म्हणजे ‘याद नही’ हे विसरणे नव्हते. तेही पाठ केलेले होते. सात धाब्यांच्या बरोबरीने, सासूकडून सुनेकडे, कित्येक पिढ्या.

सुरेशभाऊ म्हणाले, “अक्का, तुझं तर ते माहेरचं धाबंही नाही. तू कशाला एवढं लावून घेतेस?”

“जल्मभर भाकर कोनता धाबानी खादी?” अक्का म्हणाल्या. “माले धुळे लई चाल, कोरडा भाऊ. तुले यामा काही देनं-लेनं नही, तूच लई चाल.”

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. मांडवपेठेची गोष्ट खरी की रचलेली, याचा मला कधी निकाल लावता आला नव्हता. त्या दिवशी तो लागला, निदान माझ्यापुरता. रचलेली गोष्ट असती तर सांगणाऱ्याने आपल्याच धाब्याची शिडी वर ओढून घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पारोळ्याच्या किल्ल्याजवळ मी चहासाठी गाडी थांबवली, पण अक्का उतरल्या नाहीत. वाटेत एकदाच बोलल्या. “आबा शिव्या देई का?” मी म्हणालो, दिल्या तर? “देऊ दे. त्याना हक शे,” त्या म्हणाल्या.

आबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. पिवळे पडले होते, पण आवाज तोच. “या अक्का. यंदा तुम्हीच उन्यात? मी अजून मरनू नही, भाकर आनी का काय?”

अक्का हसल्या नाहीत. पलंगाशेजारी खाली बसल्या. प्रवीणने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. “आबा, माले याद व्हतं,” त्या म्हणाल्या. “पहिलेपासून याद व्हतं. मी खोटं बोलनू.” आणि सगळे सांगितले, शिडीपासून हाकांपर्यंत. काही वगळले नाही. आम्हाला सांगताना थांबल्या होत्या तिथेही त्या आता थांबल्या नाहीत.

प्रवीण दाराला टेकून उभा होता. या सगळ्यात फार रस नसलेल्या त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आणि नजर काढून घेतली.

आबा छताकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, “मंग आमी वाचनूत कसा?”

“ते माले ठाऊक नही. ते कोनीच सांगेल नही.”

“धाबं नही. शिडी नही.” आबांनी थोडा विचार केला. मग त्यांच्या तोंडावर ते टेकाडावरचे हसू आले. “मंग आमी पवनूत, अक्का! पोऱ्या, आयकं का? आपला लोके तापीमा पवनात!”

प्रवीणने मान हलवली. पवनात म्हणजे पोहले, पोहून वाचले.

अक्का म्हणाल्या, “आबा, पहिली भाकर मी आनसू. सराफना धाबानी. तुमना पाय धरसू.”

“नको.” आबांनी त्यांचे हात धरून बाजूला केले. त्यात राग नव्हता, पण ते नको पक्के होते. “तुमना राग नही, अक्का. तुम्ही उन्यात, सांगं, तेवढं गयरं जयं. पन त्या धाबानी भाकर माले नको. जल्मभर लोकेस्ले उभं ऱ्हाताना देखं. वाटे, आपलं बी एखादं धाबं व्हई. आते समजनं, नही. आमी कोनाना धाबाना नही. आमनी भाकर आमना घरमा व्हई.”

अक्कांनी ते मानले. आणखी एकदा म्हणून पाहिले नाही. निघताना आबांच्या सुनेने त्यांना कुंकू लावले आणि आम्ही परत आलो. सबंध रस्ता त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटले होते की मन मोकळे झाल्यावर माणसाला हलके वाटते. तसे काही त्यांच्याकडे बघून वाटले नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत आबा गेले. प्रवीणचा फोन आला तेव्हा अक्का उठल्या, आंघोळ करून आल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत. भाकर त्यांनी पाठवली नाही. वंदनाताईंनी विचारले तर म्हणाल्या, “त्यानी नको सांगं ना?” प्रवीणने नंतर मला सांगितले की बाबांच्या सांगण्याप्रमाणे स्मशानातून आल्या आल्या त्यांनी घरीच चूल पेटवली आणि सुनेने भाकरी थापल्या. शेजारपाजारचे लोक नावे ठेवत होते.

बातमी सराफाच्या धाब्यात पसरायची ती पसरलीच. अक्कांच्या दिरांचा मुलगा पारोळ्याहून फोनवर ओरडत होता, ते मला ओट्यावर ऐकू येत होते. “काकू, म्हातारपनमा आपलं नाव कशाले खराब कयं?”

“नाव तव्हयच खराब जयं, बेटा. मी फक्त सांगं,” अक्का म्हणाल्या आणि फोन वंदनाताईंकडे दिला.

त्या हिवाळ्यात टेकाडावर सराफाच्या धाब्याची निम्मीच माणसे आली. मांडवे आले नाहीत. पुढेही आले नाहीत. अक्कांनी पुकारा नेहमीसारखाच केला. सराफाच्या धाब्याचे नाव घेतल्यावर जे उठले त्यांचे “शे” कसेबसे ऐकू आले. मी माझ्या बाजूला एकटा बसलो होतो.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. आधी चालणे थांबले, मग बसणे. शेवटचे मी त्यांना पाहिले ते एका दुपारी. केळी घेऊन गेलो होतो. दार उघडे होते. अक्का कुशीवर निजल्या होत्या, डोळे मिटलेले, आणि वंदनाताई उशाशी बसून धाबी म्हणत होत्या. त्यांना ती केव्हाच पाठ झाली होती, त्या दिवशी फक्त तपासून घेणे चालले होते. मी दारातच थांबलो.

सातवे धाबे संपले. वंदनाताईंनी विचारले, “आणि मांडव्यांचं, अक्का?”

“त्यासनं धाबं नही. त्या पवनात. अशेच सांग.”

“आणि ते शिडीचं? ते सगळ्यांत शेवटी म्हणू ना?”

“शेवट नही.” अक्कांनी डोळे उघडले. “सराफनं धाबं सांगशी, तव्हय शिडी पहिले सांग. मंग वर कोन व्हतं ते सांग.”

वंदनाताईंनी पदर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. सराफाच्या धाब्याची शिडी, ती ओढून घेणारे हात, खालून नावे घेऊन मारलेल्या हाका. तिथे आल्यावर त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. बाहेर रस्त्यावर माणसे होती, दार सताड उघडे होते.

“जोरमा सांग,” अक्का म्हणाल्या.